आग, बंब आणि पाणी: खेड्यातलं नुकसान कमी कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळीच्या आधीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत विदर्भातल्या खेड्यांत तेच तेच प्रश्न येतात. आग कशी विझवायची हे सगळेच सांगतात. विझवताना आपण काय काय बिघडवतो, याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. म्हणून इथे त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

बंब तालुक्याहून येतो. तोवर काय करायचं?

सगळ्यात आधी फोन. १०१ किंवा ११२. जंगलाची आग असेल तर वन विभागाचा १९२६. गॅस सिलिंडर गळत असेल तर १९०६. तालुक्याच्या नगर परिषदेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवा. मोबाईलमध्ये जपून ठेवलेला नंबर ऐन वेळी सापडत नाही. एक माणूस फाट्यावर उभा करा. रात्रीच्या वेळी बंब चुकीच्या पांदणीत शिरला की अर्धा तास गेलाच.

देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात आहे. अख्ख्या देशाचे अग्निशमन अधिकारी तिथे घडतात आणि तिथून दोन-तीन तासांवरच्या गावात लोक अजून बादल्यांची रांग लावतात. असो.

बंब येईपर्यंत एकच गोष्ट ठरवायची: काय गेलं आणि काय वाचू शकतं. जे पूर्ण पेटलं आहे त्यावर गावचं सगळं पाणी ओतू नका. शेजारचं छप्पर, शेजारची गंजी, वाऱ्याच्या दिशेचा गोठा आधी ओला करा. हे ऐकायला निष्ठुर वाटतं, कारण ज्याचं घर जळतंय तो समोर उभा असतो. पण टाकीत पाणी मोजकंच असतं.

जनावरांची दावी कोयत्याने कापा, गाठी सोडत बसू नका. बाहेर काढलेली गुरं लगेच लांब नेऊन बांधा. घाबरलेलं जनावर ओळखीच्या जागेकडे, म्हणजे जळत्या गोठ्याकडेच परत धावतं.

पाण्याने नुकसान कसं होईल? पाण्यानेच तर आग विझते.

विझते, पण पाणी आगीपुरतं थांबत नाही. आपल्याकडची निम्मी जुनी घरं मातीच्या किंवा कुडाच्या भिंतींची, वर कवेलू. बंबाच्या पाण्याची सरळ धार अशा भिंतीच्या पायाशी मारली की आगीने न पडलेली भिंत पाण्याने पडते, आणि ती कधी कधी दुसऱ्या दिवशी पडते, लोक सामान शोधायला आत गेलेले असताना. बंबवाल्यांना सांगा की भिंत मातीची आहे, फवारा मारा. ते ऐकतात, बाहेरून आलेल्या माणसाला प्लास्टरच्या आत माती आहे हे दिसत नाही.

दुसरं, धान्य. कोठीतले वरचे दोन पोते जळतात आणि खालचे दहा भिजतात. भिजलेली तूर किंवा गहू तसाच पोत्यात राहिला तर दोन-तीन दिवसांत तापतो, बुरशी धरतो, आणि बुरशीचं धान्य जनावरांनाही घालण्याजोगं राहत नाही. आग विझली की त्याच दिवशी कोरडी पोती वेगळी आणि ओली वेगळी करा. ओलं धान्य पातळ पसरा. धुराचा वास बसलेलं पण कोरडं धान्य निदान वाळवून पाहता येतं. मात्र त्याच खोलीत फवारणीच्या औषधाचे डबे फुटले असतील तर ते धान्य खायला, दळायला, विकायला काढू नका.

सिमेंटचे पत्रे ही तिसरी गोष्ट. तापलेले पत्रे तडतडून फुटतात आणि तुकडे अंगावर उडतात, म्हणून त्यांच्याखाली उभं राहायचं नाही. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. विझल्यावर ते तुकडे फोडून, कुटून रस्त्याच्या खड्ड्यांत भरायची आपली सवय आहे, ती सोडा. तुकडे ओले करून, तोंडाला नीट बसणारा मास्क लावून अख्खेच उचला आणि विहिरीपासून लांब खोल पुरा.

तेलाची कढई पेटली तर पाणी अजिबात नाही. झाकण ठेवा, गॅस बंद करा.

सोयाबीनची सुडी (कापलेल्या पिकाची रचलेली गंजी) किंवा तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) ढीग पेटला. किती पाणी लागेल?

किती टाकलं तरी पुरणार नाही, कारण पाणी वरून वाहून जातं आणि आग पोटात धुमसत राहते. बंब निघून जातो, गाव झोपतं, आणि पहाटे ढीग पुन्हा पेटतो. सुडी फोडावी लागते. लांब दांड्याच्या दाताळ्याने किंवा जेसीबीने कडेकडेने ओढून पातळ पसरायचं आणि पसरलेल्यावर थोडं थोडं पाणी मारायचं. पाणी कमी लागतं आणि न जळलेला माल वाचतो. वर चढून फोडू नका. आतून पोकळ झालेला ढीग माणसाला गिळतो.

पूर्व विदर्भात धानाचं पुंजणं, पश्चिमेकडे सोयाबीनची सुडी, दोन्हींची गत सारखी. मळणीची वाट पाहत सगळं वर्ष एका ठिकाणी रचलेलं असतं. एका मोठ्या सुडीऐवजी दोन-तीन लहान रचा, मध्ये पुरेशी मोकळी जागा ठेवा आणि भोवती वखराच्या दोन-तीन पाळ्या मारून जमीन उघडी करा. त्या पट्ट्यात कुटार (मळणीनंतरचा भुसा) सांडलेलं असेल तर पट्टा असून नसल्यासारखा. डीपीखाली (विजेच्या ट्रान्सफॉर्मरखाली) आणि लोंबणाऱ्या तारांखाली सुडी लावू नका. सुड्या वैरातून पेटवल्या जातात हेही खरं आहे. त्याला वखर पुरत नाही, पण एकाच रात्री सगळं जाणं तरी टळतं.

कुटार किंवा चारा ओला असताना दाबून भरला तर तो आपोआप तापतो आणि काही आठवड्यांनी स्वतःहून पेटू शकतो. आंबूस, भाजल्यासारखा वास आला, हात घातल्यावर चटका बसला, तर ढीग घाईने उकलू नका. आधी पाणी आणि माणसं तयार ठेवा. हवा लागताच तो भडकतो.

कापूस घरात भरला आहे. भाव वाढेपर्यंत ठेवावाच लागतो. काय काळजी घ्यायची?

त्या खोलीत चूल, उदबत्ती, मोबाईल चार्जर, उघडी वायर काहीही नको. कापसाची ठिणगी आत शिरते आणि वरून विझल्यासारखी दिसते. पेटलेला कापूस घराबाहेर काढून, मोकळ्या जागी पसरून, उलथून उलथून भिजवा. पाण्यात थोडी धुण्याची पावडर टाकली तर पाणी कापसात मुरतं, नाहीतर थेंब वरून घसरतात. जिनिंगमध्ये हाच त्रास मोठ्या प्रमाणावर होतो: गाठ आतून कित्येक दिवस धुमसू शकते. म्हणून जळालेली गाठ चांगल्या गाठींपासून लांब नेऊन ठेवतात.

गोदामात कीटकनाशकं आणि खतं होती. बंबवाल्यांना कसं सांगू?

पहिल्याच वाक्यात सांगा. फोनवरच सांगा. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराजवळ सँडोज कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवली, पण विझवायला वापरलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन थेट ऱ्हाईन नदीत गेलं. नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटर बाम मासे मरून वर आले. त्यानंतर युरोपात अशा गोदामांना आगीचं पाणी अडवणारे हौद बांधायची शिस्त लागली. आपल्या गावच्या कृषी केंद्राचं गोदाम त्या मानाने चिमुकलं आहे. पण आपली नदी म्हणजे एप्रिलमध्ये गुडघाभर पाण्याचा नाला, आणि त्या नाल्याकाठीच नळयोजनेची विहीर. थोडं विषही तिथे पुष्कळ होतं.

मग करायचं काय? उतार बघा. पाणी मारायच्या आधी, निदान मारत असतानाच, उताराच्या बाजूला जेसीबीने किंवा फावड्यांनी मातीचा बांध घाला. आपली काळी माती ओली झाली की पाणी बऱ्यापैकी धरते. मात्र उन्हाळ्यात तिला भेगा असतात, म्हणून बांधाच्या आत ताडपत्री अंथरा. नालीचं तोंड मातीच्या पोत्यांनी बंद करा. नळयोजनेचा पंप लगेच थांबवा. आजूबाजूला वस्ती नसेल आणि सगळा माल पेटलेलाच असेल, तर लोकांना वारा जिकडून येतो त्या बाजूला नेऊन तो जळू देणं हाही एक विचार असतो, कारण धूर विखुरतो आणि विषारी पाणी मुरतं. हा निर्णय अग्निशमन अधिकाऱ्याचा. पण त्याला तो घेता यावा म्हणून आत काय आणि किती आहे ते कोणीतरी सांगायला हवं. साठ्याची यादी गोदामाबाहेर, दारापासून लांब लावलेली असावी.

धुरात उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांना हाकला. बांधात साठलेलं पाणी शेतात सोडू नका, जनावरं तिकडे फिरकू देऊ नका. कृषी विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

घरात औषधाचे दोन-चार डबेच असतील तरी ते चारा, धान्य आणि विहीर यांपासून वेगळ्या कोपऱ्यात, लोखंडी पेटीत ठेवा.

बंबवाले फेस मारतात. तो शेताला चालतो का?

फेसाचे प्रकार आहेत. पेट्रोल-डिझेलच्या आगीसाठी वापरायच्या काही फेसांत फ्लोरिनयुक्त रसायनं असतात. ती मातीत, पाण्यात कुजत नाहीत, वर्षानुवर्षं राहतात. त्यांतल्या पीएफओएस या रसायनावर २००९ पासून स्टॉकहोम कराराखाली आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. चारा, लाकूड, कापूस यांना असा फेस लागतच नाही. टँकर उलटून डिझेल पेटलं असेल तर लागतो, तेव्हा तो विहिरीकडे आणि बोडीकडे (लहान तळ्याकडे) वाहू देऊ नका.

फवारणी पंपाने आग विझवली तर?

गवताच्या आगीला पाठीवरचा पंप फार कामाचा आहे, पण आग विझवायचा पंप वेगळा ठेवा. ज्या पंपाने टू-फोर-डी तणनाशक मारलं, त्याच पंपाचं पाणी कपाशीच्या कडेला उडालं तर पानं चिरटून बोटांसारखी होतात. कपाशीला या औषधाचा अंशही सोसत नाही. गावात दोन-तीन जुने पंप धुऊन, लाल पट्टा रंगवून ग्रामपंचायतीत टांगून ठेवा.

धुरे (शेताचे बांध) पेटवले नाहीत तर साफ कसे करायचे? आणि पऱ्हाटीचं (वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या झाडांचं) काय?

भांडण इथेच आहे. पऱ्हाटी वावरात ठेवली तर गुलाबी बोंडअळी त्यात मुक्काम करते. २०१७ साली या अळीने विदर्भाच्या कपाशीचं काय केलं ते कोणी विसरलेलं नाही. म्हणून हंगाम संपला की पऱ्हाटी काढा, असं कृषी खातं सांगतं. शेतकरी काढतो आणि पेटवतो, कारण मजुरी परवडत नाही. दोघांचंही बरोबर आहे.

श्रेडर किंवा रोटाव्हेटर भाड्याने मिळत असेल तर पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळा. अळीही मरते, कर्बही राहतो. धानपट्ट्यात हिशेब आणखी स्पष्ट आहे: एक टन तणस जाळलं की साधारण ५.५ किलो नत्र, १.२ किलो गंधक आणि ४०० किलो सेंद्रिय कर्ब गमावतो. पालाश बराचसा राखेत उरतो, पण ती राख पहिल्या वावधानात शेजारच्या वावरात.

धुऱ्याचं गवत कापून उकिरड्यात टाका. पेटवणं टळतच नसेल तर वारा पडलेला असताना, सकाळी दवात, दोन्ही बाजूंनी वखरलेला पट्टा ठेवून, शेजाऱ्याला सांगून आणि पाण्याचा ड्रम जवळ ठेवून. दुपारी बारा ते पाच कधीच नाही. धुऱ्यावरचा पळस, बाभूळ, कडुनिंब बुंध्याशी भाजतो आणि दोन वर्षांनी वादळात पडतो. वरुड-मोर्शीकडे तर शेजारच्या धुऱ्याची आग संत्र्याच्या बागेत शिरते आणि ठिबकच्या नळ्या आधी वितळतात. झाडं वाचली तरी भर उन्हाळ्यात पाणी बंद, म्हणजे बाग गेलीच.

मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळावाच लागतो ना?

लागत नाही. जाळण्याने एका झाडाखालची जागा साफ होते आणि वाऱ्याने पन्नास एकर जातं. पाला झाडून एका बाजूला करा, किंवा झाडाखाली हिरवी जाळी बांधा. जाळीतलं फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहतं, त्याला भावही बरा मिळतो.

तेंदूचं कारण वेगळं. कोवळी पालवी जास्त फुटावी म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आग लावली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपानासाठी फांद्या तोडाव्या लागतात, आग लावली जाते, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. हातचा रोख पैसा सोडणं सोपं नसतं. प्रत्येक गावाला ते जमेल असं मी म्हणणार नाही. पण आग न लावण्याची अट तेंदूपानाच्या करारात घालणं ग्रामसभेच्या हातात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ तिला जंगल राखायचा अधिकार देतं. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहेच.

पण वणव्यानंतर गवत चांगलं येतं, असं जुने लोक म्हणतात.

पहिल्या पावसात येतं, खरं आहे. हिरवं दिसतं, गुरं खातात. पण सागाची, बिजाची, तेंदूची वीतभर रोपं दरवर्षी जमिनीपासून जळतात आणि जंगल म्हातारं होत जातं. रायमुनिया (घाणेरी) मात्र आगीनंतर जास्त जोमाने फुटते. टिटवी, तित्तिर जमिनीवर अंडी घालतात, त्याच महिन्यांत. आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती मृगात मामा (माजी मालगुजारी) तलावात जाऊन बसते.

वणवा विझवायला गेलो तर कसं विझवायचं? जंगलाचं आणखी नुकसान न करता?

पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून हा वन विभागाचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा (आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे) साफ करतात. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाचे इशारे वनरक्षकाच्या मोबाईलवर येतात, पण उपग्रह काही सतत आपल्या डोक्यावर नसतो. आधी धूर दिसतो तो गुराख्यालाच.

आपल्याकडची आग बहुतेक जमिनीवरची, पाल्याची. तिला पाणी लागत नाही. पळसाच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपा, किंवा ब्लोअरने पाला मागे, जळालेल्या बाजूला उडवा. पुढे पाच-सहा फूट पट्टा झाडून काढा. एवढ्याने चालतं, त्यासाठी जेसीबीने डोंगरउतारावर चर पाडू नका, त्या चराचा पावसाळ्यात नाला होतो. कायम जळालेल्या बाजूने काम करा, चढावर आगीच्या वर उभे राहू नका, सुती कपडे घाला, नायलॉन नको. उलट आग लावून आग अडवायचं काम वन कर्मचाऱ्यांशिवाय कोणी करू नये. हौशी माणसाने लावलेली उलट आग ही बऱ्याचदा दुसरी आग ठरते.

विझल्यावर ढोलीची झाडं, वाळलेले ओंडके, शेणाचे पो तपासा. ढोलीत धूर दिसला म्हणून झाड तोडू नका. दोन कळशा पाणी आणि चिखलाचा गोळा बसवला की काम होतं, आणि त्या ढोलीत राहणारा पोपट, घुबड, धनेश यांचं घर राहतं.

सौर पंपाजवळ गवत पेटलं तर?

वीज बंद केली तरी ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये विद्युतदाब असतोच. पाण्याची धार मारू नका. पॅनेलखालचं गवत आधीच कापून ठेवा. डीपी पेटली तर १९१२ वर कळवा, पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब रहा.

घरात अग्निशामक नळकांडं ठेवावं का?

दुकान, पिठाची चक्की, गोदाम असेल तर ठेवाच. एबीसी पावडरीचं सगळीकडे चालतं, पण ती पावडर मोटारीत, स्टार्टरमध्ये गंज आणते. विझल्यावर वीज बंद ठेवून कोरड्या ब्रशने ती झाडून काढा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते पोळ्याला आणि होळीला बघा म्हणजे विसर पडत नाही.

आगीनंतर भरपाईसाठी काय करायचं?

काहीही उचलायच्या आधी फोटो काढा. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, आणि पोलिसांना कळवून पंचनामा करून घ्या. तारांच्या ठिणगीने पेटलं असेल तर वीज कंपनीलाही लेखी कळवा, विद्युत निरीक्षकाच्या तपासाची मागणी करा, आणि जळालेल्या तारेचे तुकडे हलवू नका.

आग ही आपत्ती निवारण निधीच्या यादीत आहे. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० रुपये आणि झोपडीला ८,००० रुपये होते. पुढचे दर तहसील कार्यालयात विचारा. मेलेल्या जनावराचा पंचनामा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून, पुरायच्या आधी.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वीज पडून लागलेली नैसर्गिक आग धरतात. कोणी पेटवलेली सुडी त्यात बसत नाही. हे ऐकून लोक चिडतात, पण अर्ज करून वर्षभर वाट पाहण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

पेटीतल्या नोटा जळाल्या. फेकून द्यायच्या का?

नाही. जास्त जळालेल्या, ठिसूळ नोटा बँकेची शाखा घेत नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात त्या तपासून नियमाप्रमाणे रक्कम मिळू शकते. असं कार्यालय नागपुरात आहे. नोटा सुट्या करायचा प्रयत्न करू नका, पुसू नका. गठ्ठा जसा आहे तसा कापसात गुंडाळून डब्यात ठेवा. ओले कागद सावलीत सुकवा. सातबारा ऑनलाइन पुन्हा निघतो, त्याची चिंता नको. शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे जुने पुरावे आधी शोधा.

राख शेतात टाकली तर चालेल?

नुसत्या लाकडाची, तणसाची राख चालते, थोडी थोडी. घराच्या आगीची नाही. त्यात प्लास्टिक, रंग, वायर, बॅटरी, औषधाचे डबे सगळं असतं. ती ओली करून, विहीर आणि नाल्यापासून लांब खड्ड्यात पुरा, आणि हे पहिल्या पावसाआधी करा. विहिरीत राख किंवा आगीचं पाणी गेलं असेल तर उपसून, पाण्याची तपासणी होईपर्यंत प्यायला दुसरीकडून पाणी आणा. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, कीटकनाशक जात नाही. तपासणीला नमुना देताना औषधं जळाल्याचं चिठ्ठीवर लिहा, नाहीतर प्रयोगशाळेत फक्त नेहमीची जंतूंची तपासणी होऊन पाणी पिण्यायोग्य असल्याचा कागद हातात येतो.